दोन वर्षांची सर्व्हिसिंग

तातेरावांनी गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही उचलला नाही. पलीकडची पल्लवी नावाची पोरगी हसून वाट बघत होती.

"फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या का गं बाई?"

"संपल्या काका. आता पैसे भरावे लागतील. ऑइल, फिल्टर, ब्रेक, सगळं बघून देतो."

इथंच त्यांचा जीव अडकला. कनेरगाव नाक्यावर त्यांच्या ढाब्याला लागून जळबाचं गॅरेज. ट्रकपासून मोटारसायकलीपर्यंत काहीही खोलायचा पठ्ठ्या, तेही निम्म्या पैशात. कंपनीवाले पैसे घेतात ते नुसते एसीच्या गार हवेचे, असं तातेरावांचं पक्कं मत. हिंगोलीच्या या वर्कशॉपात ते आले होते ते केवळ बायकोच्या हट्टापायी. जनकाबाई मागच्या खुर्चीत भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. गाडी घेतली तीच मुळी त्यांच्यासाठी. नांदेडच्या दवाखान्याच्या खेपा आणि एसटीचे हादरे, दुखऱ्या पोटाला दोन्ही सोसवत नव्हतं.

आजही दोघं तिकडूनच येत होते. सकाळी डॉक्टरांनी तातेरावांना एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं, औषधं आता बंद करू, दिवाळीचं काही खरं नाही. बाहेर येऊन तातेराव बायकोला म्हणाले, "गुण येऊन राहिला म्हणले. म्हणून औषध थांबवलं. तकलीफ बी कमी व्हईल." बोलताना ते पिशवीत पाण्याची बाटली शोधत राहिले. बाटली त्यांच्या दुसऱ्या हातातच होती. पण जनकाबाईंनी "बरं झालं बाई" म्हणून पदर सावरला, तेव्हा आपलं निभावलं असं त्यांना वाटलं.

"काहून इचार करून राहिलात?" जनकाबाईंनी आवाज दिला. "इथंच करून घ्या. वाटंत बंद पडली तर मला उचलून न्याल का?"

"नेईन की. वजन ते काय राहिलंय तुझं!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. जनकाबाई मात्र तोंडाला पदर लावून हसल्या.

"करा मग," तातेरावांनी किल्ली पुढं सरकवली.

पल्लवीनं एक रंगीत कागद त्यांच्यासमोर धरला. "काका, दोन वर्षांची एकदम घेतली ना, तर खूप स्वस्त पडते. आमची स्कीम आहे."

नाक्यावरचं कुणी तिथं असतं तर म्हणालं असतं, पोरी, बरोबर गिऱ्हाईक गाठलंस! तातेरावांनी जन्मात सुटी वस्तू घेतली नव्हती. कांदे पोत्यानं, तेल डब्यानं, साबण खोक्यानं. जनकाबाईंना लुगडं घ्यायला गेले तरी दुकानदाराला विचारायचे, चार घेतले तर काय लावशील? त्यापायी जनकाबाईंनी एकाच रंगाची लुगडी वर्षानुवर्षं नेसली होती आणि गावभर नवऱ्याची थट्टाही केली होती.

"नको," तातेराव म्हणाले. "एकदाचीच करा."

किती सूट, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

मागं खुर्ची करकरली. तातेरावांनी वळून पाहिलं. जनकाबाई भिंतीवरचं डोकं उचलून ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघत होत्या. काय करून बसलो आपण!

"ताई, थांब," ते घाईनं पल्लवीला म्हणाले. "दोन वर्षांचीच कर. दोन काय, तीनची असंल तर तीनची कर."

"राहू द्या," जनकाबाई शांतपणे म्हणाल्या. "एकदाचीच बरी."

गाडी हाती येईपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. तिनं काही विचारावं, भांडावं, असं तातेरावांना फार वाटत होतं. तिनं फक्त चहा मागितला आणि अर्धा त्यांच्या कपात ओतला.

उन्हं उतरता गाडी मिळाली. तातेरावांनी ती कनेरगावच्या रस्त्याला लावली, तशा जनकाबाई म्हणाल्या,

"माघारी वळवा. कुरुंद्याला जाऊ."

"दादाकडं? आता?"

कुरुंदा जनकाबाईंचं माहेर. थोरला भाऊ दर पंचमीला स्वतः न्यायला यायचा, तेव्हाच त्या जायच्या. लग्न झाल्यापासून बिनबोलावता त्यांनी माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. लोकांना अभिमानानं सांगायच्या तसं.

"अगं, पंचमी काय लांब आहे? दादा येईलच न्यायला."

जनकाबाईंनी नुसतं मागच्या रस्त्याकडं बोट केलं. तातेरावांनाही पुढं रेटवेना. त्यांनी गाडी माघारी घेतली. गावाबाहेर पडल्यावर समोरचा रस्ता त्यांना धड दिसेना, म्हणून त्यांनी वेग कमी केला.

"हळू चला, घाई न्हाई," जनकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला.

"दादाला मीच सांगते. तुमाला जमायचं न्हाई."