मान डोलावणारा राक्षस

मी एक जुना राक्षस आहे. खरे तर नुसते डोके. धड केव्हाच उंदरांनी नेले. मित्रांनो, तिथेच थांबा. हातात काय आहे ते आधी दाखवा. हातोडी नाही ना? मग सांगतो.

१९५८ साली मद्रासला, एग्मोरच्या एका गल्लीत, अप्पाजींनी मला घडवले. ते तंजावरचे मराठी, बाहुल्या करणारे. बाहुलीचे, त्यांच्या बोलीत बोम्मैचे, डोके सळईवर तोलून ठेवायची त्यांच्या घरची रीत. वारा लागला की मान डुलते. हाताच्या सवयीने त्यांनी मलाही तसेच बसवले.

दिग्दर्शक रत्नाकर कोल्हापूरहून आलेले. मला पाहताच ओरडले, "अप्पाजी, मी राक्षस सांगितला होता! हा नंदीबैल कुणी मागवला?"

"बोम्मैची मान हलणारच की, सामी. न हलली तर ती बोम्मै कशी जाहली?"

थांबा. पाऊल वाजले.

...मांजर. बहुतेक.

तर, दुसरे डोके करायला वेळ नव्हता. मद्रासजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर चित्रीकरण झाले. आमच्या सिनेमात दोष पुष्कळ. माझ्या आतल्या गड्याला नीट दिसत नसे. पुठ्ठ्याची झोपडी आधी पडली, मी डरकाळी नंतर फोडली. पाठीवरचे हुक दिसत. पण समुद्र खरा होता, आणि माझे काचेचे डोळे उन्हात खरोखर रागावत. एवढे तरी कबूल करा.

पहिला खेळ तंबूत लागला. जाहिरातीसाठी मला दारातच उभे केले होते, म्हणून मी सगळे पाहिले. शेवटी नायिका रडत विचारते, "माझ्या लेकराला सोडशील ना?" पडद्यावर वारा आला. माझी मान हलली. आणि कथेप्रमाणे मी लेकराला घेऊन समुद्रात गेलो.

"अय्यो, पापी!" एक मासळीवाली उठून ओरडली. "आत्ता हो म्हणालास की!"

प्रेक्षकांनी खालची वाळू मुठी भरून पडद्यावर फेकली.

सकाळी रत्नाकर सुताराला घेऊन आले. "याची मान ठोकून घट्ट कर." खिळा माझ्या कानशिलाला टेकला. मित्रांनो, मी कागदाच्या लगद्याचा. एक खिळा, की माझे दोन तुकडे.

अप्पाजींनी मध्ये हात घातला. "लोकांना मान नाही खटकली, सामी. खोटं खटकलं. हो म्हणाला आहे, तर पाळू द्या की त्याला."

रत्नाकरांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग म्हणाले, "चला कोवलमला. लेकरू वाळूवर परत ठेवायचंय."

सिनेमा फार चालला नाही. पण नव्या शेवटाला तंबू गप्प व्हायचा. माझी मान हलली की कुणी हसत नसे. हा शब्द पाळतो का, ते डोळे बारीक करून पाहत.

आता मी मद्रासच्याच नुंगंबाक्कम भागातल्या एका गोदामात आहे. अप्पाजी नाहीत. मित्रांनो, जुन्या वस्तूचा दोष काढायला धावू नका. कधी ती त्या दोषावरच तोललेली असते...

थांबा. या वेळी मांजर नाही.

तोच सुतार, आता म्हातारा, पण हातात हातोडी. दारात उभा राहून हसत विचारतो आहे, "काय रे राक्षसा, करू का तुला घट्ट?"

खिडकी उघडी आहे. वारा सुटला आहे. मित्रांनो, कुणीतरी ती लावा. लवकर.