पालथा ग्लास

फासा टेबलावरून उडाला, दोन टप्पे खाऊन कपाटाखाली गेला आणि चंदर त्याच्यामागे जमिनीवर आडवा झाला. खांद्यापर्यंत हात आत घालून त्याने आधी एक जुनी चप्पल बाहेर काढली, मग धुळीचा गोळा आणि शेवटी तो फासा. टेबलावर उरलेल्या दोन फाशांवर सहा आणि चार असे आकडे होते.

"हा धरायचा नाही," श्यामसुंदर म्हणाला.

"मी बघितलं ना आत. पाच होते."

"कपाटाखालच्या काळोखात तुला पाच दिसले? चंद्या, तिन्ही परत टाक. आणि आता ग्लासातून. खूप लाड झाले तुझे."

चंदर उठला. शर्टाला लागलेली धूळ त्याने झटकली नाही. टेबलाच्या कडेला स्टीलचा ग्लास होता, त्याच्याकडे मात्र तो असा पाहत राहिला की जणू कोणी त्याला विंचू उचलायला सांगितलं होतं.

श्यामसुंदरचा मामा बोटीवर नोकरीला होता. त्याने अमेरिकेतून हा खेळ आणला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. यात ना पट, ना सोंगट्या. प्रत्येकाने कागदावर आपापला वीर तयार करायचा. त्याची शक्ती किती, कणखरपणा किती, अक्कल किती, हे तीन फाशांच्या बेरजेवर ठरायचं. मग श्यामसुंदर गोष्ट सांगायचा आणि ते वीर त्या गोष्टीत शिरून लढायचे. त्याला सगळे सूत्रधार म्हणायचे आणि तोही ते फार मनावर घ्यायचा. ग्लासाचा नियम त्यानेच काढलेला. आत्ता समोर बसलेला वाकोल्याचा शिवदास हाताने फासे टाकायचा तेव्हा त्याला दर वेळी सहाच पडायचे, आणि विचारलं की तो नशिबाकडे बोट दाखवायचा. तेव्हापासून फासे ग्लासात घालून खुळखुळवायचे, ग्लास टेबलावर पालथा आपटायचा आणि मग उचलायचा.

चंदर आज कित्येक महिन्यांनी अंधेरीला श्यामसुंदरच्या घरी आला होता. त्याचा थोरला भाऊ हरेश्वर, गणपतीचं विसर्जन झाल्यावर, वेसाव्याहून होडी घेऊन गेला तो आला नाही. मध्येच वादळ झालं. त्याच्याबरोबरचा खलाशी एका फळीला धरलेला असा दुसऱ्या होडीवाल्यांना सापडला, पण हरेश्वरचं काय झालं हे त्याला सांगता येईना. माणूस गेला तर लोकांना चार शब्द बोलता येतात. माणूस नुसता आलाच नाही, तर काय बोलावं हे कोणाला कळत नाही. म्हणून चंदर दारात दिसताच दोघा मित्रांनी "बस" म्हटलं आणि मुकाट्याने खोका उघडला.

बसल्या बसल्या चंदर म्हणाला होता, "मला नवीन वीर करायचाय. ड्रॅगन."

"ड्रॅगनशी लढणारा?"

"नाही. स्वतः ड्रॅगन. म्हणजे माणूसच, पण अंगावर खवले, हाताला पंजे. लांबून बाण मारणारा नको, मंत्र म्हणणारा नको. अंगाला अंग भिडवून लढणारा."

शिवदासला हे एकदम पसंत पडलं. "झकास. म्हणजे आपला नाग, पण हातपायवाला." त्याने लगेच कागद ओढून शिंगं काढायला घेतली. शिंगं बकरीची झाली, तरी तो गिरवत राहिला. "तलवार देऊ का? लांब, दोन्ही हातांनी धरायची?"

"तलवार गंजते."

"गंजायला काय झालं? तोंडातून आग निघणार ना त्याच्या?"

"आग नको. आगीचा काय उपयोग तिथे?"

"तिथे म्हणजे कुठे?" श्यामसुंदरने विचारलं.

चंदरने जमिनीकडे बोट केलं. "खाली," तो म्हणाला. "पाण्याखाली. त्याला बुडून मरण नसेल असा कर. श्वास घ्यायला वर यावं लागणार नाही असा. आणि खाली जे काय असेल, त्याच्याशी हातांनी लढून, त्याच्या तावडीतून माणूस सोडवून वर आणता आला पाहिजे."

शिवदासची पेन्सिल थांबली. श्यामसुंदरने चष्मा काढून पुसला. खरं तर तो स्वच्छच होता.

"करता येईल," तो हळूच म्हणाला. "पण सोपं नाही हं. शक्ती कमीत कमी पंधरा आणि कणखरपणाही कमीत कमी पंधरा पाहिजे. एक जरी कमी पडला तरी साधा लढवय्या."

"चालेल. हाताने टाकतो."

आणि त्यांनी टाकू दिलं. शक्तीला सोळा पडले तेव्हा चंदरच्या कपाळावर घाम आला, फेब्रुवारी असून. मग कणखरपणाचे फासे त्याने जरा जास्तच जोरात फेकले आणि एक फासा कपाटाखाली गेला.

या दोघांना ठाऊक नव्हतं की चंदर खेळायला आलेलाच नव्हता. तो कौल लावायला आला होता. देवाला लावून झाला होता. देवळातल्या पाकळ्या एकदा उजवीकडे पडल्या, एकदा डावीकडे आणि तिसऱ्यांदा पडल्याच नाहीत. देवसुद्धा टाळायला लागला तर माणसाने जायचं कुठे? उद्या सकाळी घरी भटजी येणार होता. प्रेत मिळालं नाही तर पळसाची पानं आणि दर्भ बांधून माणसाचं अंग करायचं, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. ते अंग भावाने बांधायचं, अग्नीही भावानेच द्यायचा. चंदरने दोनदा नाही म्हटलं होतं. पण आता शिमगा तोंडावर आला होता आणि गावची जुनी माणसं आईला येऊन सांगत होती की पोराचा जीव असा अधांतरी ठेवू नकोस, पुतळाबाय. चंदरने मनाशी ठरवलं होतं: ड्रॅगन झाला तर हरेश्वर आहे. मग कोणी काही म्हणो, उद्या मी गवताला हात लावणार नाही. नाही झाला, तर...

त्यापुढचं तो स्वतःशीही बोलत नव्हता.

आणि ग्लासाचं कारण तर कोणाला सांगण्यासारखंच नव्हतं. चंदरच्या घरी होडी समुद्रात असेपर्यंत भांडं पालथं घालत नाहीत. घागर नाही, ताट नाही, मासळीची पाटीसुद्धा नाही. भांडं पालथं तर होडी पालथी. लहानपणापासून पाळलेलं हे, श्वास घेतल्यासारखं. पण ते वेसाव्याच्या घरात. कॉलेजात जाणारा चंदर अंधेरीच्या तिसऱ्या मजल्यावर बसला की तो वेगळा चंदर असायचा. इथे ग्लास पालथा आपटताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं. हरेश्वर निघाला त्या दिवशीही तो इथेच होता, आणि त्या दिवशी तर त्याचे फासे असे पडत होते की तो ग्लास आपटायचा थांबेना. आपटायचा आणि हसायचा. तो आवाज अजून त्याच्या कानात होता.

घरी तेव्हापासून एकही भांडं पालथं पडलं नव्हतं. आई आणि जया वैनी घासलेली भांडी तोंड वर करून मांडायच्या. तळाशी पाणी साचायचं, पितळेला हिरवट डाग पडायचे. दोघी फडकं घेऊन पुसत बसायच्या, पण पालथं कोणी घालत नव्हतं. चंदर ते बघायचा आणि जेवण अर्धं टाकून उठायचा.

"टाक ना," शिवदास म्हणाला. "काय झालं?"

"मी ग्लासात टाकतो आणि वरून बघतो. पालथा नाही करत."

"तळाशी फासे तिरके राहतात," श्यामसुंदर म्हणाला. "परत भांडण होणार. एकदाच टाक आणि मोकळा हो."

चंदरने तिन्ही फासे ग्लासात सोडले. तोंडावर तळहात ठेवून खुळखुळवले. खूप वेळ खुळखुळवले. शिवदास काहीतरी चेष्टेचं बोलणार होता, पण चंदरचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. मग चंदरने डोळे मिटले आणि ग्लास टेबलावर पालथा घातला. आपटला नाही. झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा हलकेच ठेवला.

"उचल."

चंदरचा हात ग्लासावर तसाच राहिला. आत जे काही पडायचं ते पडून गेलं होतं. पंधरा असतील किंवा नसतील. ग्लास उचलला की होडी एक तर बंदराला लागणार होती, नाही तर कायमची तळाला जाणार होती. त्याची बोटं उचलायचं म्हणत होती आणि मनगट ऐकत नव्हतं.

"चंदर," श्यामसुंदर म्हणाला. त्याने चंद्या म्हटलं नाही. "राहू दे. मी पंधरा लिहून टाकतो. सूत्रधार आहे मी, माझा अधिकार आहे. घे, झाला तुझा ड्रॅगन."

त्याने खरंच लिहिलं. कागद फिरवून चंदरपुढे केला. शिवदासने काढलेल्या बकरीच्या शिंगांखाली, कणखरपणासमोर, गोल अक्षरात पंधरा.

चंदर त्या आकड्याकडे पाहत राहिला. त्याला रडू फुटलं नाही, राग आला नाही. एकदम थकवा आला, एवढंच.

"लिहून काय होतं रे," तो म्हणाला. "उद्या घरी भटजी येतोय. दादाला गवताचा करून अग्नी द्यायचाय."

ग्लास तसाच पालथा ठेवून तो उठला. शिवदास त्याच्याबरोबर जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "उद्या मी येऊ का? आमच्यात असले विधी नाहीत, मला त्यातलं काही कळत नाही. नुसता उभा राहीन." चंदरने मान हलवली. ती हो होती की नाही, हे शिवदासला कळलं नाही.

बसमधून उतरून चंदर कोळीवाड्याच्या गल्लीत शिरला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. घराच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तो जागीच उभा राहिला.

भिंतीला लागून ओळीने भांडी मांडली होती. घागरी, टोप, ताटं, मोठी परात. सगळी पालथी. पाणी निथळून गेलेलं, बुडं उन्हात चमकत होती.

"आये," तो ओरडलाच. "कोनी केला ह्या?"

पुतळाबाई ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही. "मना नको इचारू," ती म्हणाली.

मोरीतून जया बाहेर आली. हातात ओला हंडा, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. हिरव्या बांगड्या हंड्याला लागून वाजत होत्या.

"मीनी घातली," ती म्हणाली.

"वैनी, होडी बाहेर हाय अजून."

"पानी साचून भांड्यांना वास येतंय, चंदर."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा. त्या आवाजानेच चंदरचा बांध फुटला. इतके महिने कोणाला न सांगितलेलं त्याने अंगणात उभ्या उभ्या सांगून टाकलं. अंधेरीचं घर, खेळ, ग्लास. दादा निघाला त्या दिवशी किती वेळा आपटला आणि कसा हसत होता, ते सगळं. बोलताना त्याने मान वर केली नाही. आता वैनी काय म्हणेल ते म्हणो, आई मारील तर मारो, असं त्याला झालं होतं.

जयाने हंडा कमरेवर घेतला.

"आनि मी परात," ती म्हणाली.

"काय?"

"ते निंगाले त्याच सकाली. भाकऱ्या झाल्या, परात धुतली नि घाईत पालथी टाकली. ते दाराशीच होते. मी लगेच सुलटी केली, कोनी बघितली नाय. पन घातली ती घातली." तिने भिंतीकडे मान वळवली. "तवापासून रोज घासतंय ती परात."

चंदरने भिंतीपाशी पाहिलं. परात ओळीत सगळ्यांत पुढे होती. तिचं बूड इतकं घासलं होतं की त्यावर ओरखडे पडले होते. एवढे महिने आपण एकटेच हे ओझं वाहतोय असं त्याला वाटत होतं, आणि रोज त्याला जेवायला वाढणारी ही बाई भिंतीपलीकडे तेच घेऊन झोपत होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेखाली कुठेतरी पहिल्यांदाच थोडं हलकंही वाटलं.

ओट्यावर पुतळाबाईने सगळं ऐकलं होतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, घरात गेली आणि आपला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्यातलं पाणी तिने तुळशीत ओतलं. मग ओळीच्या शेवटी तो पालथा ठेवून ती पुन्हा जाऊन बसली.

जयाने हातातला हंडा चंदरपुढे धरला. त्याने तो घेतला, आतलं उरलेलं पाणी अंगणात सोडलं आणि तांब्याच्या शेजारी पालथा घातला.

"बामन सकाली लवकर येल," जया म्हणाली. "पानं त्योच आनतंय. नारल तू आन. मोठा बघून आन. त्यांचा डोका मोठा होता."

"केवढा आनू?" चंदरने विचारलं.

जयाने ओले हात पदराला पुसले आणि दोन्ही तळवे समोर धरून दाखवला, एवढा.