डॅनी प्रूट चौथ्या फेरीत पडतो

जळक्या एरंडेलाचा वास. लहानपणी नाक दाबून चमच्याने गिळलेलं तेच एरंडेल, पण जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात जळलं की म्हातारी माणसं डोळे मिटून छाती भरून घेतात.

घडीची निळी खुर्ची. डावा हात फाटलेला, त्यावर चिकटपट्टी.

ब्राट सॉसेज आधी बिअर आणि कांद्यात शिजवायचे, मग जाळीवर भाजायचे. केचप मागणाऱ्याला पाठ दाखवायची.

रविवारी सकाळी चर्च सुटेपर्यंत केटल हिलच्या ट्रॅकवर एकही इंजिन चालू करायचं नाही. पाद्रीबुवा आणि ट्रॅकचा मालक यांच्यात ही बोली झाली तेव्हा दोघांच्याही डोक्यावर केस होते.

१९८४. साडेसातशे सीसीच्या त्या मोटरसायकली म्हणजे शेजाऱ्याच्या दारात उभ्या असायच्या त्याच, फक्त दिवे आणि आरसे काढलेल्या. हँडल बैलाच्या शिंगांसारखं रुंद. वळणावर गाडी अशी थरथरायची की बघणाऱ्याचे दात वाजावेत.

पडलेल्याने भाजायला जायचं.

हे सगळं आर्डिस हाउगेनच्या डोक्यात एकदम घोळत होतं, म्हणून टेकडी चढताना ती दोनदा थांबली. गुडघ्यांमुळे नव्हे. गुडघ्यांचं निमित्त तिने मर्व्हला सांगण्यासाठी राखून ठेवलं होतं. तिच्या काखेत दोन खुर्च्या होत्या, एक तिची आणि एक निळी. निळी लायलची, तिच्या नवऱ्याची. लायल फेब्रुवारीत गेला.

वर मर्व्ह कोवाल्के आणि वॉली टेस्के आधीच बसलेले. मर्व्हने आयुष्यभर बोटी विकल्या आणि अजूनही तो समोरच्याला बोट विकायच्या सुरातच बोलतो. वॉलीने आयुष्यभर दूध गोळा करायची गाडी चालवली आणि अजूनही तो पहाटे उठतो, म्हणून सकाळी दहाला त्याची मान डुलायला लागते.

"दोन खुर्च्या कशाला गं?" मर्व्ह म्हणाला.

"एकीवर बसेन, एकीवर पाय ठेवेन. गुडघे."

"आर्डिस."

"लायलची आहे. तुला दिसतंय की."

मर्व्हने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. मग म्हणाला, "मग आज रॅकली ट्रेलरवर."

आर्डिस टेकडीवर आली होती ती हे वाक्य अडवायला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. दरवर्षी जुन्या गाड्यांच्या मेळ्याला ही मंडळी येतात, आणि रविवारी ट्रॅक गप्प असतो त्या वेळात १९८४ची मोठी शर्यत पुन्हा पळवतात. तोंडाने. ज्याचा त्याचा एक स्वार ठरलेला. फेरी सुरू झाली की ज्याने त्याने आपला स्वार कुठे होता, काय करत होता ते सांगायचं. दुसऱ्याच्या स्वाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा नियम मर्व्हनेच आणला. त्याचा हँक ओस्बर्न शेवटच्या वळणावर गिअर चुकला आणि दुसरा आला. मर्व्हच्या मते गिअर निसटला, दोष यंत्राचा. लोक म्हणायचे पाय चुकला. तेव्हा नियम.

आणि ज्याची खुर्ची रिकामी, त्याचा स्वार ट्रेलरवर चढतो, म्हणजे शर्यतीतून बाद. कायमचा. पूर्वी इथे अकरा खुर्च्या होत्या. अर्ल ॲरिझोनाला राहायला गेला तेव्हा त्याचा सहावा आलेला स्वार ट्रेलरवर गेला आणि सातवा आलेला गृहस्थ त्या वर्षापासून सहावा आला. अशी शर्यत आटत आटत चौघांवर आली होती: लायलचा टिम रॅकली पहिला, मर्व्हचा ओस्बर्न दुसरा, वॉलीचा बॉबी लुहान तिसरा, आणि आर्डिसचा डॅनी प्रूट. प्रूट चौथ्या फेरीत पडतो.

रॅकली ट्रेलरवर गेला की पहिला कोण, हे मर्व्हने बोलून दाखवलं नव्हतं. पण त्याने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"रॅकली मी चालवणार," आर्डिस म्हणाली. "प्रूटही आणि रॅकलीही."

वॉलीने मान वर केली. "दोन-दोन?"

"एका माणसाने दोन चालवू नयेत असा नियम आहे का, मर्व्ह?"

मर्व्हने समोरच्या वळणाकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर गिऱ्हाईक सापडल्यासारखं हसू आलं. "नाही बुवा. असा नियम नाही. चालव की. लायलला बरं वाटलं असतं."

मर्व्ह इतक्या लवकर कबूल होतो तेव्हा बोटीला भोक असतं, हे आर्डिसला कळायला हवं होतं.

पहिली फेरी

झेंडा पडला. ओस्बर्न पुढे. मर्व्हने दोन्ही हात पसरून हँडल धरलं आणि तोंडाने असा आवाज काढला की खालच्या वाटेने जाणारं कुत्रं थांबलं.

"रॅकली दुसरा," आर्डिस निळ्या खुर्चीत बसून म्हणाली. मग उठून आपल्या खुर्चीत बसली. "प्रूट तिसरा."

"लुहान चौथा," वॉली म्हणाला. "मजेत आहे."

दुसरी फेरी

"रॅकली दुसराच." उठली, बसली. "प्रूट त्याच्या मागच्या चाकाला चिकटून."

"तू दर वेळी उठणार आहेस का?" मर्व्हने विचारलं.

"एका खुर्चीत दोघं कसे बसतील?"

"गुडघ्यांचं काय मग?"

"ते मघाशी होतं."

तिसरी फेरी

वॉलीने विचारलं, "ब्राट आणलेत ना?"

आणि आर्डिसच्या ध्यानात आलं. पुढची फेरी चौथी. प्रूट पडणार. पडलेल्याने टेकडी उतरून ट्रकमागे जायचं, शेगडी पेटवायची आणि सगळे ब्राट भाजून झाल्याशिवाय वर यायचं नाही. दरवर्षी ती तेच करत आली होती. चौथ्या फेरीनंतरची शर्यत तिने कधी ऐकलीच नव्हती. खालून वरचं हसू ऐकू यायचं, लायलचा चढलेला आवाज यायचा, शब्द वाऱ्यावर. ब्राट घेऊन वर यावं तर सगळे आधीच हातात बिअर घेऊन रॅकलीचं अभिनंदन करत असायचे. घरी विचारलं तर लायल म्हणायचा, "टेकडीवरची गोष्ट टेकडीवर. तिथे ऐक की." तिथे ती भाजत असायची.

आता ती उतरली की निळी खुर्चीही रिकामी. रॅकली ट्रेलरवर.

मर्व्ह इतका गोड हसत होता की त्याच्या कवळीचा वरचा भाग सुटला.

चौथी फेरी

"ओस्बर्न पहिला," मर्व्ह म्हणाला. "ऐटीत. आता बोल."

"रॅकली दुसरा."

"हं. आणि प्रूट?"

याच टेकडीखालचं वळण. तिथे तेव्हा गवताचे भारे रचलेले असायचे. प्रूटचं पुढचं चाक सुटलं होतं, गाडी एकीकडे, तो दुसरीकडे, भारा फुटून गवत अंगभर, आणि उठून त्याने प्रेक्षकांना हात केला होता. त्या हातासाठीच आर्डिसने त्याला निवडलं होतं.

ती आपल्या खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"प्रूटचं चाक घसरलं," ती म्हणाली. "पण त्याने सावरलं."

दूर चर्चमध्ये पेटी वाजत होती.

"काय केलं?" मर्व्ह म्हणाला.

"सावरलं. गुडघा टेकला, गाडी उचलली. तिसरा आहे. वेग थोडा कमी झालाय, पण ठीक आहे."

"अगं बाई, तो पडला. गवतात गेला. सगळ्या विस्कॉन्सिनने पाहिलं."

"मर्व्ह, तू कुणाच्या स्वाराबद्दल बोलतोयस?"

मर्व्हने वॉलीकडे पाहिलं.

"नियम तुझाच आहे," वॉली म्हणाला. "मला पूर्ण जाग आली आता."

पाचवी, सहावी आणि सातवी

कुणालाच भूक आठवली नाही. फेरी गेली की आर्डिस उठायची, बसायची. निळ्या खुर्चीत ती जरा पाय पसरून बसायची, लायल बसायचा तशी, आणि आपल्या खुर्चीत पुढे झुकून. प्रूटला ती ज्या रस्त्याने नेत होती त्या रस्त्याने तो कधी गेलाच नव्हता, त्यामुळे तिला सगळं आवडत होतं. पण रॅकलीचं तिला काही ठाऊक नव्हतं. तो शेवटी जिंकतो, एवढंच.

आठवी फेरी

"रॅकली ओस्बर्नच्या अगदी मागे. बाहेरच्या बाजूने यायला बघतोय." ती थांबली. "लायल असंच सांगायचा का?"

वॉलीने गवताची काडी चावली.

"सांगा की. मी कधी ऐकलेलं नाही."

"एका वर्षी बाहेरून यायचा," वॉली म्हणाला. "एका वर्षी आतून. एकदा तर त्याने दोन फेऱ्या एका हाताने गाडी चालवली, कारण दुसऱ्या हाताने चष्मा पुसत होता."

"आणि तुम्ही चालवून घेतलंत?"

"नियम," मर्व्ह कुरकुरला.

नववी फेरी

तेवढ्यात वॉलीने एक हिशोब केला आणि त्याचा चेहरा पडला. "आर्डिस, प्रूट तिसरा असेल तर माझा लुहान चौथा की गं. चाळीस वर्षं तिसरा येतोय तो. बक्षिसाच्या ओट्यावर चढतो. बायको फोटो काढते."

"अजून एक फेरी आहे, वॉली."

"त्याच्या आईला काय सांगू?"

"वॉली."

शेवटची फेरी

ओस्बर्न पुढे. रॅकली चाकाला चाक लावून. मागे प्रूट, त्याच्या मागे दुःखी लुहान. शेवटचं वळण आलं आणि आर्डिसला जे आधीच दिसायला हवं होतं ते आता दिसलं. तिने प्रूटला उभं ठेवलं, म्हणजे दार उघडलं. आता मर्व्हनेही गिअर चुकवला नाही, तर त्याला अडवणारं कोणी नाही. ओस्बर्न पहिला, रॅकली दुसरा, आणि लायल कायमचा हरलेला.

मर्व्हलाही ते त्याच क्षणी दिसलं. त्याच्या कानांचा रंग बदलला. त्याने शर्टाची बाही सारखी केली. चाळीस वर्षं दुसरा येणारा माणूस पहिल्यांदा मोकळ्या रस्त्याकडे बघत होता.

"वळण," वॉली हलकेच म्हणाला.

आर्डिस निळ्या खुर्चीत बसून राहिली. चिकटपट्टीचा एक कोपरा तिने नखाने उचलला. लायल असता तर आत्ता काहीतरी चष्म्यासारखं बोलला असता. तिला काही सुचेना. "रॅकली तिथेच आहे," ती म्हणाली. "मागे. वाट बघतोय."

मर्व्हने दोन्ही हात हँडलवर ठेवले. मोठा श्वास घेतला. रागाने आर्डिसकडे पाहिलं, मग रिकाम्या ट्रॅकवर पाहिलं, मग चिकटपट्टीवर.

"तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना," तो म्हणाला, "गिअर निसटला."

वॉलीने तोंडातली काडी काढली.

"यंत्राचा दोष," मर्व्ह म्हणाला. "त्याचा पाय बरोबर होता. लिहून घ्या."

"रॅकली आतून आला," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "पहिला."

"ओस्बर्न दुसरा. अर्ध्या चाकाने."

वॉली दोघांकडे आळीपाळीने बघत होता. आर्डिस उठली, आपल्या खुर्चीत बसली, समोरच्या त्या शेवटच्या वळणाकडे तिने थोडा वेळ पाहिलं. प्रूट सबंध शर्यत पळाला होता. रेषा समोर दिसत होती.

"प्रूट पडला," ती म्हणाली. "रेषेच्या अलीकडे. लागलं नाही. उठून हात करतोय."

"लुहान तिसरा," वॉली घाईने म्हणाला. "आला बाबा."

आर्डिसने निळी खुर्ची मिटली नाही. ती तशीच उघडी ठेवून ती ट्रकच्या दिशेने उतरायला लागली. मागून मर्व्ह ओरडला की कांदा जास्त घाल, आणि हा तुझ्या डॅनीबद्दल शब्द नाही, कांद्याबद्दल आहे. खाली चर्च सुटलं होतं. कोणीतरी पहिलं इंजिन चालू केलं आणि एरंडेलाचा धूर कुंपणावरून टेकडीकडे चढायला लागला.

१९८४ साली खऱ्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीच्या वेळी लायल हाउगेन ट्रॅककडे पाठ करून ब्राटच्या रांगेत उभा होता, आणि त्याच्या पुढे अजून दोन माणसं होती.