छातीला बांधायची गादी

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, छातीला बांधायची. ओमानमधल्या अल हैलमध्ये राहणाऱ्या कुलसुमने फाटक्या सोफ्याचा फोम कापून मला शिवलं आणि मागे दोन पट्टे लावले. तिचा नवरा महमूद मूळचा रत्नागिरीचा. दुकान बंद केलं की तो समुद्राकाठच्या मैदानावर आपल्या लोकांच्या मुलांना फुटबॉल शिकवायचा. मला एकेकाच्या छातीला बांधून तो समोरून चेंडू मारी. मार मी खायचे, धीर पोराला यायचा. पुढे मी नसले तरी ती पोरं चेंडूसमोरून हलत नसत. पालक मला कौतुकाने थोपटत आणि मी आणखीच फुगायचे.

मग मोबाइल आले. चेंडू अडवणाऱ्या पोराचं शूटिंग कोण करणार? चौघांना चकवून गोल मारला की लाइक मिळतात. पालकांना तेच हवं झालं, महमूदलाही. मी गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी जाऊन पडले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

महमूदचा भाचा ओवेस याच काळात तयार झाला; इथेच वाढलेला, इंग्रजी शाळेतला, मराठी कामापुरतं. काय पाय चालायचे त्याचे! एका व्यावसायिक संघाने त्याला निवड चाचणीला बोलावलं. पास झाला की करार. मैदानाची पायरी तापली होती म्हणून कुलसुमने मला बसायला घेतलं, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

समोरचा गडी गोलवर चेंडू मारायच्या बेतात होता. मध्ये एकटा ओवेस. महमूद ओरडला, "अंग चोरू नको रे!" आणि ओवेस चक्क बाजूला झाला. गोल! थोड्या वेळाने पुन्हा तेच. संघाच्या ओमानी प्रशिक्षकाने हात झटकले, "खलास."

"किती वर्षं ओरडतोय मी, अंग चोरू नको!" महमूदचा आवाज चिरकला.

ओवेस रडवेला झाला. "बट मामू, आय लिसन्ड! तुम्ही म्हणता चोरू नको. डोन्ट स्टील. सो मी त्याचा बॉल घेतच नाही."

 पोरगा घाबरत नव्हता, इतकी वर्षं मामाचं ऐकत होता! 

कुलसुम महमूदला म्हणाली, "नुसते लांबून ओरडलात. एकदा तरी त्याला चेंडूसमोर उभा केलात काय?"

मित्रांनो, माझं काही नाही, मला टाकून दिलंत तरी चालेल. पण अवघड गोष्ट मुलांना लांबून ओरडून शिकवू नका. जवळ जा, हाताला धरून उभं करा. कारण ओवेस अजून विचारत होता, "मामू, मग मी काय चोरलं?" आणि महमूदला त्याच्याकडे बघवत नव्हतं.