चार फळ्या

माझा धाकटा भाऊ परेश त्रेचाळीस वर्षांचा आहे, आणि यंदा ज्येष्ठात त्याला शिकवणी लागली. शाळेत असताना लावायची ती आता सुचली, असं मी आळीभर सांगत सुटले. का सांगू नये? मला गावातच दिलेली आणि त्याच्या वेंधळेपणानं माझ्याच सासरचं शेत खारं झालेलं.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीकाठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक दार, त्याला म्हणतात उघाडी. ओहोटीला शेतातलं जादा पाणी त्यातून सोडायचं आणि उधाणाची भरती चढायच्या आत चार फळ्या बसवून ते बंद करायचं. आजोबांपासून हे काम माझ्या माहेरी. गेल्या वर्षीच्या भाद्रपदातल्या अमावास्येला परेशनं दोनच फळ्या बसवल्या आणि कुठेसा निघून गेला. पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं. कुठे उलथला होतास, असं सगळ्यांनी विचारलं, पण गडी मान खाली घालून उभा. गावकीनं वर्षाची मुदत दिली. तेवढ्यात पुन्हा चुकला तर उघाडी गावातल्याच धर्मा नावाच्या गड्याकडे जाणार.

मग त्याची बायको कल्पिता त्याला पनवेलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, लक्ष टिकत नाही हा आजार आहे, लहानपणापासूनचा. गोळ्या दिल्या आणि वर कोचचा नंबर. कोच म्हणजे क्रिकेटला असतो तो, एवढंच मला ठाऊक. ह्या राही म्याडम पुण्यात बसून दर गुरुवारी व्हिडिओवर यायच्या. गावात व्हिडिओ चालण्याइतकी रेंज फक्त माझ्या ओटीवर, त्यामुळे मी तांदूळ निवडत शेजारी हजर.

पहिल्याच गुरुवारी बाईंनी अक्कल पाजळली. म्हणे, रोज सकाळी दहाचा गजर लावा. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी तोंडाला पदर लावून हसले. चार दिवसांत गजर आणि पाणी यांची फारकत झाली. पुढच्या गुरुवारी परेशनं ते चाचरत सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. मला भरतीतलं काही कळत नाही, तुम्हीच शिकवा, म्हणाल्या. आणि आमचा हा, ज्याला धड दोन वाक्यं सुचत नाहीत, तो अर्धा तास बोलला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्याचं तोंडपाठ. मग ठरलं त्याचं त्यानंच. रोज उठल्यावर ती वेळ खडूनं घराच्या दारावर लिहायची आणि बसवताना फळ्या मोठ्यानं मोजायच्या. कप्पाळ, हे मीही सांगितलं असतं. सांगितलं मात्र कधीच नव्हतं, शिव्याच घातल्या होत्या.

श्रावणात एका गुरुवारी बाईंनी विचारलं, "त्या अमावास्येला दुसरी फळी बसली. त्यानंतर लगेच काय झालं?"

परेशनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "फोन आला," तो म्हणाला. "ताईचा. सुकट आणायची विसरलो म्हणून. वरडत होती. तसाच गाडीवर बसलो नि रेवदंड्याला गेलो."

माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं. फोन केल्याचं माझ्या ध्यानातही नव्हतं. ती सुकट मी कांदा घालून परतली होती आणि सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली होती. वर्षभर गावानं ह्याच्यावर थुंकायचं तेवढं थुंकून घेतलं, त्यात सगळ्यात पुढे मी. मला माझीच शिसारी आली. बाई मात्र शांतपणे एवढंच म्हणाल्या, उघाडीवर जाताना फोन घरी ठेवून बघू या का?

आश्विनातल्या द्वितीयेला रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. वर्षात एकदाही चूक नव्हती, तरी टिंगल चालूच. पुण्याच्या बाईनं परेशला पाढे शिकवले, असं म्हणून धर्मा खिदळला. असल्या माणसाच्या भरवशावर शेतं टाकायची का, असं दोघाचौघांनी विचारलं.

मी उठले. "त्या दिवशी त्याला उघाडीवरून मी उठवला," मी म्हणाले. "सुकटीसाठी. माझं शेत मीच बुडवलं."

तेवढ्यात परेश उठला आणि चपला घालू लागला. निर्णय तरी ऐकून जा, असं गावकीचे पुढारी दत्तात्रेयभाऊ म्हणाले.

"पानी चढतंय," तो म्हणाला आणि गेला.

उघाडी त्याच्याकडेच राहिली. धर्मानंही हात वर केला, नाइलाजानं का होईना. हे सांगायला मी बांधापर्यंत भराभर चालत गेले. तो गुडघाभर चिखलात उभा राहून "दोन" म्हणत होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. चार होईपर्यंत गप्प उभी राहिले. जन्मात एवढं अवघड काम मी केलं नव्हतं.