उन्हात ठेवलेले सेल

साक्षी नवेगाव बांधला उतरली तेव्हा दुपार कलली होती. पर्समध्ये गोंदियाहून घेतलेले दोन बारीक सेल होते. गावात रेडिओचे जाडे सेल तेवढे मिळत, आणि बाबांचं यंत्र बारीक सेलांवर चालायचं.

यंत्र म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर. दोन वर्षांपूर्वी तिनेच तो पुण्याहून आणून दिला होता. बाबा, म्हणजे खुशालराव, गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. कुणाची म्हैस कधी गाभण राहिली, कधी विणार, कुणाच्या कालवडीला लस कधी टोचायची, सगळं ते त्यात रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहीत. वाटेत कुणी अडवलं की खिशातून यंत्र काढत आणि त्याच्या काडीने पडद्यावर टोचून तारीख सांगत. शेजारचा जागेश्वर त्याला खुशालभाऊचा खिशातला दवाखाना म्हणे.

महिन्यापूर्वी बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून साक्षी परत निघाली तेव्हा पडद्यावर सेल संपत आल्याची खूण दिसत होती. यंत्र सोबत न्यावं असं तिला वाटलं, पण आईने नेऊ दिलं नाही. रोज सकाळी ते किणकिणायचं, आणि तेवढ्या क्षणापुरतं घरात माणूस असल्यासारखं वाटायचं. सेल दमलेत, नवे घेऊन येते, एवढंच सांगून साक्षी गेली. जुने काढले की मिनिटभरात नवे घालावे लागतात, नाहीतर यंत्र सगळं विसरतं, हे सांगायचं राहून गेलं.

आता आईने, रुक्माबाईने, सूप पुढे केलं. सुपात दोन बारीक सेल होते, उन्हाने कोमट झालेले.

"तीन दिवस उन्हात ठेवून राहिली. रेडिओचे असेच जगवते मी."

साक्षीने नवे सेल घातले. पडदा जागा झाला आणि आजच दुकानातून आणल्यासारखा तारीख विचारू लागला. बाबांच्या हातचं एक अक्षर उरलं नव्हतं.

"आलं का त्याइचं लिहिलेलं?"

"आलं."

"वाच मंग. सकाळचं पहिलं."

साक्षी कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. "आठ वाजता आईची गोळी," ती म्हणाली.

"साडेसात," रुक्माबाई म्हणाली. "आन् आई नाही, रुक्मा लिहिलं होतं."

रुक्माबाईने सुपातले सेल उचलून मुठीत धरले.

"माह्या हातानं पुसलं ना?"

"मी सांगायला पाहिजे होतं, आई."

"कायले खोटं वाचलं?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "काडी घे. मले वाचून दाखवल्याबिगर ते एक अक्षर टोचत नव्हते. दोन वर्षं आयकून राहिली मी."

ती सांगत गेली आणि साक्षी लिहीत गेली. साडेसात, रुक्माची गोळी. जागेश्वरची म्हैस, पंचमीच्या आसपास. टेकचंदच्या कालवडीची लस. ऊन अंगणातून ओसरीवर चढलं. मधे एकदा तिने चुलीवर चहा ठेवला आणि तिथूनच सांगत राहिली.

"आता इतवारचं लिही. साक्षीचा फोन. जेवली का, ते पहिले इचारणे."

साक्षीची काडी थांबली.

"किती वाजता लिहू?"

"आठ लिहिलं होतं," रुक्माबाई म्हणाली. "पण ते सहालेच फोनजवळ जाऊन बसत."

साक्षीने सहा लिहिलं.