डाव्या बाजूचं मडगार्ड

बाबांनी ती पिकअप भंगारवाल्याकडून ओढून आणली तेव्हा आई वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने वाकून खाली पाहिलं, हातातली ओली चादर तशीच बादलीत सोडली आणि आत निघून गेली. दारात आणखी एक खटारा आला म्हणून चिडली असेल, असं मला वाटलं.

आमचं घर वर आणि बाबांची शेड खाली. बाबा डेंटर-पेंटर. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, वर पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा. गाडी नेमकी कुठे ठोकली होती हे नंतर मालकालाही सापडू नये, असं त्यांचं काम. लोक त्यांना सपाटकाका म्हणत. आई म्हणायची, "साऱ्या गावाच्या गाड्यांचे पोचे काढता, माझ्या पातेल्यांचे कोण काढणार?"

माझा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा नुकताच संपला होता आणि नोकरीचं अजून काही ठरलं नव्हतं. बाबा म्हणाले, "ही आपण दोघांनी मिळून उभी करू. इंजिन तुझं, बॉडी माझी."

"विकायला?"

"नाही. चालवायला. एकदा तरी."

मी हसले. एकदा चालवण्यासाठी कुणी एवढा खटाटोप करतं का? बाबा मात्र हसले नाहीत.

डिझेलचं इंजिन पार जाम होतं. मी सिलिंडरमध्ये तेल सोडून आठवडाभर तसंच ठेवलं. रोज सकाळी पाना अडकवून जोर लावायचे, ते जागचं हलायचं नाही. आठव्या दिवशी केसभर फिरलं. मी ओरडत बाबांकडे गेले, तर ते गाडीच्या डाव्या अंगाला उकिडवे बसून मडगार्डाकडे नुसते बघत होते. "फिरलं," मी म्हटलं. "अस्सं," ते म्हणाले. बस, तेवढंच. बारीकसा नटबोल्ट सुटला तरी शाबासकी देणारा माणूस.

बॉडीवर रंगाचे तीन थर निघाले. वर पांढरा, त्याखाली राखाडी, सगळ्यात तळाला निळा. बाबांनी दारं, बॉनेट, मागचा हौदा, सगळं घासून पत्र्यापर्यंत आणलं. डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड तेवढं सोडलं. मी दोनदा ग्राइंडर घेऊन तिकडे वळले आणि दोन्ही वेळा त्यांनी मला दुसऱ्या कामाला लावलं.

माझा मामा दर रविवारी आमच्याकडे यायचा. आईचा धाकटा भाऊ. विटा-वाळूचा धंदा करायचा. तोंडाने फटकळ, पण मनमोकळा. मी डिप्लोमाला जाते म्हटल्यावर नातेवाईक नाकं मुरडत होते, तेव्हा पान्यांचा पहिला संच त्यानेच आणून दिला होता. त्या रविवारी तो शिट्टी वाजवत शेडमध्ये आला आणि पिकअपसमोर आल्यावर शिट्टी थांबली.

"ही कुठून आणलीत?"

"भंगारातून," बाबा म्हणाले. "दार बघायला गेलो होतो. ही दिसली."

"भावजी, काय राहिलंय हिच्यात? कापून टाका."

"चालेल अजून."

मामाने गाडीभोवती चक्कर मारली. डाव्या मडगार्डाशी तो थांबला, बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, आणि मग न जेवताच गेला. सोमवारी पुन्हा आला. बुधवारीही. दर वेळी काहीतरी निमित्त, आणि दर वेळी आधी नजर तिकडेच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तेव्हा मला चोर कोण हेच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी मी वर जेवायला गेले तेव्हा आई माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बाबांना सांग, नवं मडगार्ड मिळतं बाजारात. जुनं टाकून द्या म्हणावं."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मडगार्डाबद्दल मी आईशी अवाक्षर बोलले नव्हते. बाबाही बोलले नसावेत, कारण पिकअप आल्यापासून ते दोघं कामापुरतंच बोलत होते. आई तर शेडची पायरीही उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ते मडगार्ड कामाला घेतलं. ग्राइंडर लावला नाही. गरम हवेने पुट्टी मऊ करायची आणि बारीक छिन्नीने एकेक टवका काढायचा, दाताचा डॉक्टर काढतो तसा. दुपारपर्यंत खालचा पत्रा उघडा झाला. हेडलाइटच्या बाजूला वीतभर रुंद खड्डा होता, त्यात एक आडवी घडी, आणि घडीच्या कडेला हिरव्या रंगाची रेघ. पिकअपला कुठेच हिरवा रंग नव्हता.

मी हातोडी उचलली. "मागून दोन ठोके देते. लगेच वर येईल."

बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं. "याला हात लावायचा नाही."

मग त्यांनी चिमट्याने घडीतून काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लाल काचेचा तुकडा, नखाएवढा. सायकलच्या मागच्या मडगार्डावर असते, त्या काचेचा.

"हा मी तेव्हा काढला नव्हता," बाबा म्हणाले. "वरूनच पुट्टी भरली."

त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगायला लागले. माझ्याकडे न बघता, हातातला चिमटा उघडत-मिटत.

चौदा वर्षांपूर्वी ही पिकअप मामाची होती, निळी. एका सकाळी दहाच्या सुमाराला तो ती घेऊन शेडमध्ये शिरला आणि स्वतःच शटर खाली ओढलं. खांबाला घासली, म्हणाला. आजच्या आज सरळ करून रंग बदलून द्या. बाबांना खांबाने पडलेला खड्डा आणि दुसरा खड्डा यातला फरक कळत नव्हता असं नाही. हिरवी रेघ त्यांनी पाहिली. काच पाहिली. बायकोचा भाऊ होता, घाबरलेला होता, आणि विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गाडी राखाडी झाली.

"दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पोस्टमन. हिरव्या सायकलवरून वीटभट्टीच्या रस्त्याने जात होता. धडक बसून चरात पडला. सापडला साडेचारला." चिमटा थांबला. "डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी दोन-तीनपर्यंत जीव होता. मी पुट्टी घासत होतो ना, बाळा, तेव्हा तो जिवंत होता."

मी हातोडी फळीवर ठेवली. बाहेर शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता.

मामाने महिन्याभरात गाडी विकली. ती चार हातांतून फिरली आणि भंगारात आली. बाबा तिथे दुसऱ्याच गाडीचं दार शोधत होते. वरून पांढरा रंग होता, पण आपल्या हातची पुट्टी त्यांनी लांबूनच ओळखली.

"मग त्याच दिवशी पोलिसांकडे का नाही नेलीत?"

"टोचन लावून न्यायची नव्हती. स्वतःच्या चाकांवर जायला हवी." मग म्हणाले, "हे आपलं म्हणायला. खरं म्हणजे धीर होत नव्हता. काम काढलं की दिवस पुढे ढकलता येतात. आणि एकट्याने करायचीही छाती नव्हती."

त्यानंतर आम्ही पुन्हा कामाला लागलो. उसन्या बॅटरीवर इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा धडधडलं तेव्हा वर आईने खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. आता ब्रेक तेवढे राहिले होते. मंगळवारी बाबा बॅटरी आणायला गेले. मी डावं पुढचं चाक काढून ब्रेकचे रबर बदलत होते. गाडी जॅकवर होती. खाली लाकडी ठोकळे लावायचे राहिले होते. कॉलेजात पहिल्याच दिवशी शिकवतात की ठोकळ्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. पण मी बाहेर बसूनच काम करत होते.

मामा आला. आज निमित्त सांगितलं नाही. उघड्या खड्ड्यासमोर उभा राहिला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि फळीवरची हातोडी घेतली.

"एवढंसं काम तुझ्या बापाला महिनाभर जमेना," तो म्हणाला आणि चाकाच्या जागेतून पाठीवर सरकत आत गेला. डोकं आणि खांदे मडगार्डाखाली. आतून पहिला ठोका बसला.

"मामा, नको."

दुसरा ठोका. खड्ड्याची वरची कड बाहेर आली.

"तुला काही माहीत नाही. बापाने कान भरलेत तुझे. मेलेला माणूस परत येणार आहे का? आईला विचार तुझ्या. तिला सगळं माहीत आहे. त्या दिवशी तिनेच मला जेवायला वाढलं."

मी जॅकपाशी उकिडवी बसले होते. दांड्याचं टोक जॅक खाली सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर बसलेलंच होतं. माझा हात त्या दांड्यावर कधी गेला ते मला आठवत नाही. अर्धा फेरा, बस, आणि गाडी खाली बसली असती. जॅक जुना आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी मला काही विचारलं नसतं. सगळे हळहळले असते. मला चरात पडलेला माणूस दिसत होता आणि आतून येणारा मामाचा घोगरा श्वास ऐकू येत होता. दांडा हाताला गार लागत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"मामा, बाहेर या," मी म्हटलं. "खाली ठोकळे लावलेले नाहीत."

हातोडीचा आवाज थांबला. त्याने मान वळवली. आधी त्याला जॅक दिसला, मग माझा हात. दगडाखाली हात सापडलेला माणूस जसा हळूहळू सोडवून घेतो, तसा तो इंचाइंचाने बाहेर सरकला. उठून उभा राहिला तेव्हा चेहरा पुट्टीसारखा पांढरा होता.

"तू असं केलं नसतंस."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. आजही नाही.

तो गेल्यावर मी दांडा काढून लांब फेकला आणि गाडीखाली ठोकळे लावले.

बाबांनी बॅटरी खाली ठेवली, मडगार्डाची बाहेर आलेली कड पाहिली आणि कुणाचं काम ते विचारलं नाही. "उद्या सकाळी," एवढंच म्हणाले.

सकाळी साडेनऊला गाडी शेडबाहेर काढली. बाबा स्टिअरिंगवर, मी शेजारी. आई जिना उतरून समोर आली.

"माझा भाऊ आहे तो."

"हो," बाबा म्हणाले. "आणि खड्डा मी बुजवलाय. दोघांचीही नावं सांगणार आहे."

"आणि माझं?"

बाबांना कळलं नाही.

"जेवताना त्याने सांगितलं मला," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "माणूस हलत होता म्हणाला. हात हलत होता. मी म्हटलं, आधी जेवून घे."

बाबांनी इंजिन बंद केलं. चौदा वर्षं एका ताटात जेवणारी दोन माणसं, दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली, आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही. आता गाडी परत आत घालतील, असं मला वाटलं. आईने पायरीवरच्या चपला घातल्या, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "सरक."

आम्ही आधी पोस्टमनच्या बायकोकडे गेलो. ती पेठेच्या टोकाला शिवणाचं दुकान चालवायची. बाबांनी गाडी समोर उभी केली, खाली उतरून तिला सगळं सांगितलं, आणि आईने आपलं सांगितलं. ती ऐकत मडगार्डापाशी आली. गळ्यात टेप तसाच होता. तिने खड्ड्यात हात घातला आणि हिरव्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"किती वाजता आणली होती गाडी?"

"दहा," बाबा म्हणाले.

तिने मनाशी हिशेब केला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसला, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती रडली नाही, की शिव्याही दिल्या नाहीत. "थांबा, दुकान बंद करते," म्हणाली.

गाडीत बसायला तिने नकार दिला. ती पुढे चालू लागली, रस्त्याच्या मधोमध, आणि बाबा पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे. मागून हॉर्न वाजत होते. ठाणं येईपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

मामाला त्याच दिवशी दुपारी त्याच्या वाळूच्या ढिगापाशी धरलं. पुढे खटला दोन वर्षं चालला. मामाला शिक्षा झाली. बाबांनी सगळं कबूल केलं होतं, त्यांना आठ महिन्यांची कैद झाली. आई साक्षीदार म्हणून उभी राहिली आणि तिला सोडलं. त्यात तिला सुटल्यासारखं काही वाटलं असं मला कधी दिसलं नाही. माहेर तर तिचं त्याच दिवशी तुटलं.

निकालाच्या दिवशी पोस्टमनची बायको कोर्टात आली नाही. वकिलाने विचारलं तेव्हा म्हणाली, एका मुलीचे कपडे द्यायचे होते, वेळ दिली होती.